परड्यातील पाखरांची वहिवाट

सावंतवाडी हे गाव असे वसलेले आहे, की मोती तलावाच्या काठी बाजारपेठेचा गलबला चालू असतानाच नरेंद्र डोंगराची झाडी घरांच्या परड्यांपर्यंत उतरून आलेली दिसते, आणि त्यामुळे येथील रहिवाशाला पक्षी पाहण्यासाठी फारसे दूर जावे लागत नाही. अशा गावात हल्ली गच्च्यांवर आणि खिडक्यांवर दाण्यांनी भरलेली टांगती भांडी दिसू लागली आहेत. त्यामागील भूतदया निर्विवाद आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ज्या गृहस्थाने जुना उंबर तोडला, खळ्यात पेव्हर ब्लॉक बसविले आणि मग गच्चीवर तांदळाची थाळी ठेवली, त्याने पाखरांकडून जे घेतले त्याची भरपाई त्या थाळीने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

धान्यावर कोण येते, हे पाहावे. पारवे येतात, चिमण्या येतात, कावळे आणि साळुंक्या येतात. माणसाच्या आश्रयाने राहण्यास जे पूर्वीपासून सरावलेले आहेत, तेच बहुधा येतात. आंब्याच्या पानोपानी किडे धुंडाळणारा शिंपी, जास्वंदीच्या फुलात वाकडी चोच घालणारा शिंजीर, उन्हाच्या तलखीतही शेंड्यावरून एकसुरी टुक्-टुक् करीत राहणारा तांबट, पिवळ्याधमक अंगाचा हळद्या, यांपैकी एकही त्या धान्याकडे ढुंकून पाहणार नाही. आपला राज्यपक्षी जो हरियाल, तो तर वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर निर्वाह करतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. राज्याने ज्याला मानाचे पद दिले, त्याच्यासाठी आपल्या थाळीत काहीच नसते.

बागेत दाणे टांगण्याची ही पद्धत मुख्यतः शीत देशांतील. तेथे हिवाळ्यात भूमी गोठते, किडे दिसेनासे होतात, दिवस आखूड होतो, आणि अशा वेळी मूठभर दाण्यांनी एखाद्या लहान पक्ष्याचा जीव खरोखरच वाचू शकतो. तरीही ब्रिटनमध्ये 2005 च्या सुमारास ग्रीनफिंच या हिरव्या पक्ष्यात घशाचा एक संसर्गजन्य रोग पसरला, एकाच भांड्यावर दाटीने जमणाऱ्या पक्ष्यांतून तो वाढत गेला, आणि त्या पक्ष्याची संख्या निम्म्याहूनही अधिक घटली. आपल्याकडे इतके लांब पाहण्याचेही कारण नाही. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 साली जो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी पारव्यांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसांचा विकार होता. दयेचा हेतू शुद्ध असला तरी एकाच जातीची बेसुमार वाढ हे तिचे फळ असेल, तर त्या दयेची दिशा तपासणे हे दयाळू माणसाचेच कर्तव्य ठरते.

आपल्या परंपरेला हे तारतम्य होते. वैश्वदेवानंतरचा काकबळी हा घासापुरताच असे. खळ्यात वाळत घातलेल्या भातातून चिमण्यांनी चार दाणे टिपले तर घरातील म्हातारी त्यांना हाकलीत असे खरी, पण मनापासून नव्हे. पाखरांचे खरे अन्न घरामागे आपोआप तयार होत होते.

ते कसे, हे परड्यात वर्षभर नजर ठेवणाऱ्यास कळते. माघ-फाल्गुनात पांगारा पानांवाचून उभा असतो आणि लाल फुलांनी भरतो, तेव्हा त्या फुलांतील रसासाठी कोतवाल, साळुंक्या, शिंजीर आणि परदेशातून आलेल्या पळसमैना यांची पहाटेपासून झुंबड उडते. याच पांगाऱ्याचे हलके लाकूड आमच्या चितारआळीतील खेळण्यांना आणि रंगीत लाकडी फळांना वापरण्याचा जुना परिपाठ आहे, आणि याच्याच खोडावर बागायतदार मिरवेल चढवितो. एका झाडाने किती जणांची तरतूद करावी! पुढे उंबर आणि वड लागले, की बुलबुल, कुटुर्गा आणि केव्हातरी डोंगरातून धनेशही येतात. आंब्यावरचे बांडगूळ बागायतदार शत्रू मानतो, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्याच बांडगुळाच्या फुलांवर शिंजीर आणि फळांवर इवलासा फुलटोचा जगतो. शेवग्याची वठलेली फांदी आपण अशुभ म्हणून कापतो, तिच्यातच तांबट आपली ढोली कोरतो. आणि मृगाच्या आगेमागे नवरंग येतो, त्याला तर झाडावरच्या फळाफुलांचेही अगत्य नसते. त्याला हवा असतो झाडाखाली साचलेला ओला पातेरा, जो चोचीने उलथून तो गांडुळे आणि किडे शोधतो. परडे झाडून, पातेरा जाळून स्वच्छ ठेवणाऱ्या घरी त्याची दुपेडी शीळ ऐकू येत नाही.

धान्य खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना आरंभी अळ्या आणि किडेच भरविते. कीटकनाशकाची फवारणी करून दाणे ठेवणे, म्हणजे आईबापांना जेवण देऊन त्यांच्या अर्भकांचे दूध तोडणे होय, आणि हे दाणे ठेवणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. चैत्र-वैशाखात मात्र पाणी जरूर ठेवावे. पसरट मातीचे भांडे, दोन बोटे खोल, सावलीत, रोज घासून भरलेले. या एका बाबतीत माणसाच्या हाताचा उपयोग निःसंशय आहे, कारण जुन्या बावी झाकल्या गेल्या आणि व्हाळ आटले.

नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा राज्य कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षणही दिले आहे. तरी घर पाडून इमारत बांधताना उंबर आणि पांगारा ही निरुपयोगी झाडे समजून प्रथम जातात. पाखरांची या परड्यांतील वहिवाट महसुली दप्तरात नोंदलेली नाही, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तिला रकाना नाही. म्हणून ती नगरपरिषदेने बांधकामाचा परवाना देताना विचारात घ्यावी, आणि जुने फळझाड वा फुलझाड राखणाऱ्या मालकास घरपट्टीत सूट द्यावी, अशी माझी मागणी आहे.

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांच्या निमित्ताने पाळला जातो, शाळांतून व्याख्याने होतात, आणि ती व्हावीतच. परंतु लावणीचा मोसम जूनचा आहे. पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी पहिल्या पावसात वईच्या ओळीत रोवली तर ती रुजते, आणि बागायतदार पिढ्यान्पिढ्या असेच करीत आले आहेत. उंबर मात्र भिंतीपासून आणि विहिरीपासून दूर, परड्याच्या हद्दीवर लावावा, कारण त्याची मुळे बांधकामात शिरतात. ज्यांना तेवढी जागा नाही त्यांनी खिडकीजवळ जास्वंद लावावी, आणि शेजाऱ्याच्या उंबरावर कुऱ्हाड पडणार असेल तर त्याच्याशी बोलावे.