खाजेचं खापर धान्यावर कशाला?

कुत्रा सारखा अंग खाजवतोय, केस गळतायत असं म्हटलं, की इथे अमेरिकेत पहिला सल्ला मिळतो, "ग्रेन-फ्री खायला द्या!" माझ्या मते हा सल्ला घाईचा आहे.

आधी पशुवैद्याकडून पिसवा, बुरशी आणि जंतुसंसर्ग तपासून घ्या. अन्नाची अॅलर्जी हे खाजेचं एक कारण, एकमेव नव्हे. शिवाय ती बहुधा प्रथिनांची असते. २०१६ सालच्या एका आढाव्यात अशी अॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धपदार्थ, १५ टक्क्यांना चिकन आणि १३ टक्क्यांना गहू बाधत होता. म्हणजे आपली दूध-पोळी संशयित आहेच, पण ग्रेन-फ्री पिशवीतलं चिकनही आहे.

रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचण्या इथे भरवशाच्या नाहीत. खरी परीक्षा एकच. पशुवैद्याच्या सल्ल्याने किमान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं किंवा हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेलं प्रथिन द्यायचं. बाकी काही नाही. खाज थांबली तर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहा. खाज परतली तरच निदान पक्कं.

या काळात बिस्किट, चीज, टेबलाखालून सरकवलेला पोळीचा तुकडा, सगळं बंद. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही हे नीट समजावून सांगा. त्यांच्या मायेच्या एका घासाने कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते, आणि बिचारा कुत्रा खाजवतच राहतो.