कायदा वर्गापर्यंत न्या

अल्पवयीन मुलांचे लैंगिक चित्रण नुसते बाळगणेही गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बजावले. याउलट मत देणारा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करतानाच न्यायालयाने लैंगिक शिक्षण व जनजागृतीचीही गरज सांगितली. ही जबाबदारी नवी नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम ४३ केंद्र आणि राज्य सरकारांना या कायद्याची प्रसारमाध्यमांतून नियमित प्रसिद्धी करण्यास बांधील करते. सरकारने हे कर्तव्य आता वर्गखोलीत पार पाडले पाहिजे.

कारण मोबाइलवरून खासगी छायाचित्रे पाठवणाऱ्या मुलांना कायद्याच्या दोन्ही बाजू ठाऊक हव्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक चित्रण तयार करणे, पाठवणे वा डाउनलोड करणे यासाठी पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पाठवणारा आणि घेणारा समवयस्क आहेत, म्हणून या कलमात सूट नाही. दुसरी बाजू संरक्षणाची. स्त्रीने खासगी फोटो काढू दिला, तरी तो इतरांना दाखवण्यास तिची संमती नसेल, तर तो पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. म्हणजे ‘तूच पाठवलास ना?’ हा घरात आणि पोलीस ठाण्यात विचारला जाणारा प्रश्न कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या अशा तक्रारी नाव न सांगताही करता येतात.

शाळेत हे बोलल्याने मुले बिघडतील, अशी काही पालकांची भीती असते. पण कुतूहल मोबाइलबरोबर घरात आलेलेच आहे. शाळा गप्प राहिली म्हणून ते थांबत नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब नाही, असेही म्हटले जाईल. ते प्रौढांना लागू करणे रास्त. पण चौदा वर्षांच्या मुलाला नियम न सांगता शिक्षेचा धाक घालणे अन्याय आहे. शिवाय केवळ धाकाचा फायदा ब्लॅकमेल करणाऱ्यालाच होतो, कारण आपणही अडकू या भीतीने मुलगी तक्रारच करत नाही. म्हणून आठवीपासून प्रत्येक शाळेत आणि पालकसभेत गुन्हा, हक्क आणि तक्रारीची वाट एकत्रच समजावून सांगावी. राज्य सरकारने याच शैक्षणिक वर्षात त्याची सुरुवात करावी.