‘थोडं तोंड येईल’ आणि स्टेम सेलचं दुकान

‘थोडं तोंड येईल, काळजी करू नका.’

रेडिएशन सुरू व्हायच्या आधी ओपीडीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. तोंड येणं म्हणजे काय, ते आपल्याला चांगलं ठाऊक असतं. परीक्षेतलं जागरण, वडापावबरोबर एक मिरची जास्त, मग बी-कॉम्प्लेक्सची गोळी नाहीतर आजीने चघळायला दिलेला जाईचा पाला. चार दिवसांत कारभार आटोपतो. म्हणून पेशंट मान डोलावतो, नातेवाईकही मान डोलावतात आणि सगळे फाइल घेऊन पुढच्या खिडकीवर जातात.

तिसऱ्या आठवड्यात कळतं की ते वाक्य किती खोटं होतं. गालाच्या आतली, जिभेखालची, घशाची त्वचा सोलून निघालेली असते. पाण्याचा घोट काचा गिळल्यासारखा उतरतो. वरण-भात सुटतो, मग पेज सुटते, मग ताकही. थुंकी गिळता येत नाही म्हणून माणूस हातात वाटी घेऊन बसतो. याला वैद्यकात ‘ओरल म्युकोसायटिस’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. तिसऱ्या पायरीवर फक्त पातळ पदार्थ जातात, चौथीवर तोंडाने काहीच जात नाही आणि नाकातून नळी घालावी लागते. याला ‘थोडं तोंड येईल’ म्हणणं म्हणजे घर जळताना ‘थोडं गरम होईल’ म्हणण्यासारखं आहे.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आणि त्या वाक्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत ज्यांनी दुकान थाटलं आहे, त्यांच्याविरुद्धही.

घरात कॅन्सर आला की गूगल करायचं काम आपल्या पिढीकडे येतं. रात्री दोन वाजता, बाबा पलंगावर कण्हत असताना, आपण मोबाइलवर शोधतो: ‘रेडिएशननंतर तोंडातल्या जखमा उपाय’. दोन-तीन साइटनंतर एक चकचकीत पान उघडतं. पांढरा कोट, निळ्या पेशींचं चित्र, ‘स्टेम सेल थेरपी’, ‘नैसर्गिक’, ‘स्वतःच्याच शरीरातून’, खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. हॉस्पिटलमध्ये ज्या वेदनेवर कुणी दोन मिनिटं बोललं नाही, तिच्यावर इथे कुणीतरी सविस्तर बोलतंय. आपण फसतो ते मूर्ख असतो म्हणून नाही. आपल्याशी बोलायला दुसरं कुणी नसतं म्हणून फसतो.

आधी प्रामाणिकपणे एक कबूल करू. कल्पना वेडगळ नाही. तोंडाच्या आतलं अस्तर साधारण एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. तळाच्या थरातल्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल्स, सतत विभागत राहतात आणि वरचा झिजलेला थर भरून काढतात. रेडिएशन आणि केमो झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. त्यांना कॅन्सरची पेशी आणि गालाची पेशी यांतला फरक कळत नाही. तळाचा कारखाना बंद पडला की वरचा माल संपतो आणि जखम उघडी पडते. मग बाहेरून नव्या पेशी आणून सोडल्या तर? अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या ‘मेसेन्कायमल’ पेशींवर नेमकं याच दिशेने संशोधन चालू आहे. उंदरांवर प्रयोग झाले आहेत आणि काहींत जखमा कमी झालेल्या दिसल्या आहेत. हे संशोधन व्हायलाच हवं.

पण उंदराची जीभ आणि सत्तर ग्रे रेडिएशन घेतलेल्या माणसाचा गाल यांच्यामध्ये बरीच वर्षं आणि बऱ्याच चाचण्या असतात. आणि इथे एक खास धोका आहे, जो त्या चकचकीत पानावर कधीच नसतो. या पेशींचं काम मुख्यतः त्या सोडत असलेल्या रसायनांमुळे होतं. ही रसायनं वाढीला चालना देतात, सूज कमी करतात, रोगप्रतिकारशक्तीला शांत करतात. आता विचार करा, ज्या तोंडात नुकतीच गाठ होती, कदाचित तिचे अवशेष अजून आहेत, तिथे वाढीला चालना देणारं आणि पहारेकऱ्याला झोपवणारं काही सोडायचं का? ही शंका काल्पनिक नाही. ‘पॅलिफर्मिन’ नावाचं पेशी वाढवणारं प्रथिन म्युकोसायटिससाठी अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं, पण ते रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी. कारण तोंडासारख्या अस्तराच्या गाठींना त्यानेच खतपाणी मिळेल, ही भीती होती. मान्यताप्राप्त औषधाबाबत एवढी सावधगिरी, आणि कुठल्या लॅबमध्ये वाढवल्या ते माहीत नसलेल्या पेशींबाबत ‘साइड इफेक्ट नाहीत’?

यातला सगळ्यात कडवट विनोद वेगळाच आहे. स्टेम सेलचा खरा, सिद्ध झालेला उपचार भारतात आहे. तो म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये देशातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. आणि या उपचाराच्या आधी द्यावी लागणारी जोरदार केमो हेच म्युकोसायटिसचं एक मोठं कारण आहे! म्हणजे सिद्ध झालेला स्टेम सेल उपचार घेताना तोंड सोलवटतं, आणि सोलवटलेल्या तोंडासाठी सिद्ध न झालेला स्टेम सेल उपचार विकला जातो.

नियम आहेत का? आहेत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात: रक्ताच्या आणि तत्सम ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी प्रत्येक वापर हा प्रयोग आहे. तो फक्त परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. म्हणून समोरच्याने पॅकेजचा आकडा सांगितला की संभाषण तिथेच संपलं पाहिजे. ‘आमची ट्रायल रजिस्टर्ड आहे’ असं उत्तर आलं तर तीन प्रश्न विचारा. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटी कुठली? काही बिघडलं तर खर्च आणि भरपाई कुणाची? आणि लक्षात ठेवा, नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे.

यावर एक प्रश्न येतो, आणि तो क्रूर वाटू शकतो: ‘माणूस तडफडतोय, त्याची शेवटची आशा का हिरावता?’ मी आशा हिरावत नाही. मी विचारतोय की आशेची पहिली, दुसरी, तिसरी पायरी कुणी दाखवलीच नाही, तर ही ‘शेवटची’ कशी झाली?

कारण उपाय आहेत. काही केमो औषधं देताना अर्धा तास तोंडात बर्फ चघळला तर त्रास कमी होतो. बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोहोचतं. रेडिएशनसाठी बर्फाचा उपयोग नाही, पण तिथे कमी शक्तीच्या लेझरचा आहे. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी म्युकोसायटिस टाळण्यासाठी त्याची शिफारस केली आहे. यासाठी परदेशी बघायचीही गरज नाही. मंगळूरमध्ये दोनशेहून जास्त रुग्णांवर झालेली लेझरची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. बेन्झिडामिनच्या गुळण्या आहेत. रेडिएशनआधी दातांची तपासणी आहे. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ भरणं आहे, ज्याला खर्च जवळजवळ शून्य. आणि वेदनेसाठी मॉर्फिन आहे.

मॉर्फिनपाशी थांबायला हवं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि परदेशी जाते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात आपल्याच हॉस्पिटलांतून मॉर्फिन गायब होत गेलं. २०१४ मध्ये कायदा बदलला, वाट सोपी झाली. डॉक्टरांची आणि आपली भीती मात्र तशीच राहिली. ‘सवय लागेल’ म्हणून गोळी नाकारलेला माणूस उद्या कर्ज काढून इंजेक्शन घेतो, यात दोष त्याचा आहे का?

म्युकोसायटिस म्हणजे नुसती वेदना नव्हे. खाता येत नाही म्हणून वजन घटतं, वजन घटलं की रेडिएशनमध्ये खंड पडतो, आणि खंड पडला की गाठ पुन्हा डोकं वर काढायची शक्यता वाढते. तोंड सांभाळणं हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे. आणि हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती खरी, हे कोपऱ्यावरच्या टपरीला विचारा.

मोबाइल आपल्याच हातात आहे, तर तो रात्री दोन वाजता नाही, पहिल्या दिवशीच बाहेर काढा. ओपीडीत डॉक्टर म्हणतील, ‘थोडं तोंड येईल.’ तेव्हा मान डोलवू नका. तिथेच, नोट्स उघडून, विचारा: ‘मग त्यासाठी तुमच्याकडे काय काय आहे? लेझर आहे? दातांचे डॉक्टर कधी बघतील? दुखलं तर मॉर्फिन कोण लिहून देईल?’ मागे रांग असेल, लोक कुरकुरतील. तरी उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.