झरीचे बारा आणे आणि ‘मानधना’चे सौंदर्यशास्त्र

मराठी साहित्यव्यवहारात ‘मानधन’ हा शब्द जितक्या सहजतेने वापरला जातो, तितकीच त्याची चिकित्सा दुर्मिळ आहे. या शब्दात मान आधी येतो, धन मागाहून. पुष्कळदा पहिल्यावरच भागवले जाते. भाषांतरकार, मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार यांनी कामाचा दर विचारला की ‘कलेचे मोल पैशात होत नाही’ हे सूत्र पुढे केले जाते. ते सौंदर्यशास्त्राचे सूत्र नाही. देणाऱ्याच्या सोयीचे अर्थशास्त्र आहे.

दर कसा ठरतो, याचा धडा झरी या गावी मिळतो. आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात असलेल्या या गावी २३ मे १९४५ रोजी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली जमले आणि रोजी बारा आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतात न राबण्याचा निर्धार त्यांनी केला. तोवर वेठ होती; लग्नाच्या कर्जापायी आयुष्य गहाण पडलेला लग्नगडी होता. त्याच वर्षी गवतकापणीचा दर मात्र कापलेल्या गवताच्या वजनावर मागितला गेला. मोजमाप दिवसाचे की उत्पादनाचे, हे कामाच्या स्वरूपावरून ठरले. किमान आकडा मात्र सर्वांनी मिळून ठरवला.

याच वारली समाजातील सवाशिणी लग्नघरी जो चौक लिहीत, त्या चित्रपरंपरेला १९७०च्या दशकात कागद मिळाला. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री, तर वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाचे रक्षण करते. चित्रकाराच्या दिवसाचा दर ते ठरवत नाही. येथेही मान आला, धन ज्याच्या-त्याच्या घासाघिशीवर राहिले.

प्रत्येक कलाकृती अनन्य असल्याने तिला समान दर लावता येत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु प्रत्येक इमारतही निराळीच असते. तरीही १९७२च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने वास्तुविशारदांसाठी शुल्कश्रेणी आखून दिली. किमान दर म्हणजे गुणवत्तेचे मोजमाप नव्हे. झरीच्या सभेतही सगळे विळे सारखे धारदार नव्हते. अनन्यतेचे तत्त्व तंत्रज्ञाला लागू न करता केवळ भाषांतरकाराला लावणे, ही समीक्षेची दुटप्पी नीती होय. ‘आपली किंमत आपणच ओळखा’ हा मुक्त व्यावसायिकांना दिला जाणारा उपदेशही त्याच जातीचा आहे. तो प्रत्येकाला जमीनदारासमोर एकटे उभे करतो.

मानधनाविषयी उदासीन राहणे मासिक वेतन घेणाऱ्या प्राध्यापक-समीक्षकाला परवडते. त्याची निरपेक्षता ही वेतनाश्रित निरपेक्षता आहे, आणि ती तत्त्व म्हणून मिरवली की विनावेतन लेखकाचा दर पाडते. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ अभ्यासक्रमात आत्मकथन म्हणून शिकवणे सोपे आहे. ते दरपत्रक म्हणून वाचण्याचे धैर्य मराठी समीक्षेने अद्याप दाखवायचे आहे.