हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतली दुकानं गुलाबी होतात. दह्याचा डबा गुलाबी, पाण्याची बाटली गुलाबी, पायमोजेही गुलाबी. सगळ्यांवर एकच आश्वासन: तुम्ही हे घ्या, आम्ही स्तनाच्या कर्करोगासाठी अमुक देऊ. तुम्ही वस्तू पिशवीत टाकता आणि तिच्याबरोबर थोडं पुण्यही घरी नेता. मला त्या पुण्याबद्दल भांडायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी कर्करोगाच्या पेशींवर काम करणारी पोस्टडॉक आहे. आमच्या प्रयोगशाळेचा काही खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो. तेव्हा देणगी ही गोष्टच वाईट, असं म्हणणं मला परवडणारं नाही. उलट, देणगीचं नाव घेऊन दुसरंच काही विकलं जातं तेव्हा मला जास्त राग येतो.

यावर तुम्ही म्हणाल, "हेतू काही का असेना, पैसे पोचले ना?" ठीक आहे. हेतू क्षणभर बाजूला ठेवू आणि पैसेच मोजू.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकन एक्सप्रेस. १९८३ साली त्यांनी जाहीर केलं की कार्डावरच्या प्रत्येक व्यवहारामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीला देऊ. जमले सुमारे १७ लाख डॉलर. कार्डांचा वापर मात्र सुमारे २८ टक्क्यांनी वाढला. आवळा देऊन कोहळा काढणं याहून वेगळं काय असतं?

योप्लेट दह्याचं झाकण धुऊन टपालानं पाठवलं की कंपनी झाकणामागे दहा सेंट देत असे, तेही एका कमाल मर्यादेपर्यंत. २०१० साली टपालाचं तिकीट ४४ सेंटचं होतं. म्हणजे चार झाकणं पाठवणाऱ्या बाईनं टपालखात्याला ४४ सेंट दिले आणि कर्करोगाला ४० मिळवून दिले. त्याच वर्षी केएफसीनं तळलेल्या कोंबडीच्या गुलाबी बादल्या काढल्या, बादलीमागे ५० सेंट. बारीक अक्षरांत खुलासा होता: ही रक्कम दुकानदार कंपनीकडून जितक्या बादल्या घेतील त्यावर ठरेल, गिऱ्हाइकाच्या खरेदीनं ती थेट वाढणार नाही. ज्यांनी 'चांगल्या कामासाठी' कोंबडी खाल्ली, त्यांच्या पोटात फक्त कोंबडीच गेली.

अॅमेझॉन स्माइल तर आपल्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. खरेदीच्या अर्धा टक्का रक्कम आपल्या पसंतीच्या संस्थेला. पन्नास डॉलरची देणगी व्हायची तर दहा हजारांची खरेदी हवी! शिवाय देणगी अॅमेझॉनची, म्हणून करसवलतही अॅमेझॉनचीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं हा कार्यक्रम गुंडाळला, तेव्हा तिनंच सांगितलं की एका संस्थेला मिळणारी सरासरी देणगी २३० डॉलरपेक्षाही कमी होती.

खरा तोटा मात्र या हिशोबाच्या बाहेर होतो. मिशिगन विद्यापीठातल्या अराधना कृष्णा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की अशी 'सत्कार्याची' वस्तू विकत घेतलेली माणसं नंतर थेट देणगी कमी देतात. काम झालं, असं मनानं आधीच मानलेलं असतं. त्याआधी १९९८ सालच्या एका अभ्यासात आढळलं होतं की देणगीचं आमिष गरजेच्या वस्तूंपेक्षा चैनीच्या वस्तूंवर जास्त चालतं. साबण घेताना मन खात नाही, चॉकलेट घेताना खातं. त्या खाणाऱ्या मनाला गप्प करायला गुलाबी रिबीन लागते.

आता हेतूकडे येऊ. कंपनीचा हेतू नफा आहे आणि ती तो लपवतही नाही. माझा आक्षेप तुमच्याआमच्या हेतूवर आहे. खिशाला तोशीस न लागता दातृत्वाचं समाधान आपल्याला हवं असतं. कंपनी आपल्या पैशांवर तुळशीपत्र ठेवते, आपण कंपनीच्या पैशांवर ठेवतो. दोघंही दाते, आणि हलवाई कोण ते कुणालाच ठाऊक नाही.

कायद्याला हा फरक कळतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९२ च्या कायद्यानुसार अशा विक्रेत्याला किती रक्कम संस्थेला जाणार ते सांगणं बंधनकारक आहे. भारतात मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, असं २०२१ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. जाहिरात ती जाहिरात, दान ते दान.

एक अफवाही खोडून काढते, कारण राग खऱ्या गोष्टीवरच काढावा. गल्ल्यावर "बिल पूर्ण डॉलरात करू का?" असं विचारतात, तेव्हा दुकान तुमच्या पैशांवर कर वाचवतं, असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. ते खरं नाही. ती देणगी कायद्यानं तुमचीच असते. दुकानाला मिळते ती प्रसिद्धी: मोठ्या धनादेशाबरोबरचा फोटो त्यांचा.

आणि आपली मंडळं? 'फराळाच्या प्रत्येक डब्यामागे एक डॉलर दुष्काळग्रस्तांना' अशी जाहिरात स्मरणिकेत दिसली, तर तिलाही हेच प्रश्न विचारा. किती? कुठपर्यंत? कुणाला? आणि मी डबा घेतला नाही, तर तो डॉलर जाणार नाही का? उत्तर मराठीत मिळालं म्हणून ते आपोआप खरं ठरत नाही.

त्यापेक्षा सोपा रस्ता आहे. संस्था स्वतः निवडा, तिचे हिशोब वाचा, रक्कम थेट पाठवा. तुमची कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर घालते का ते विचारा. इथल्या अनेक कंपन्या घालतात, आणि अर्ज न केल्यामुळे तो पैसा तसाच पडून राहतो.

दही आवडत असेल तर दही घ्या. द्यायचं असेल तर द्या. दोन्हींच्या पावत्या तेवढ्या वेगवेगळ्या घ्या.