‘ह्याचा उपयोग काय?’

मुलानें पाठ्यपुस्तकाबाहेरचा एकादा प्रश्न विचारला म्हणजे पुष्कळ घरांतून त्यास एकच उत्तर मिळतें : “हें परीक्षेंत येणार आहे काय? नाहीं, तर ह्याचा उपयोग काय?” पालकांच्या ह्या प्रश्नाचा आम्ही अनादर करीत नाहीं. काटकसरीनें संसार चालवून मुलांस शिकविणाऱ्यांस त्यांच्या पुढील उदरनिर्वाहाची काळजी असावी, हें योग्यच आहे. परंतु ज्ञानाची किंमत केवळ तात्कालिक उपयोगावरून ठरविणें घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. रसायनशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासांतील एक उदाहरण ह्यासाठीं पाहूं.

औषधें, रंग इत्यादि असंख्य पदार्थांच्या रेणूंचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा बनलेला असतो. असा नवा रेणु रचावयाचा म्हणजे दोन निरनिराळ्या रेणूंतील कार्बनचे अणु नेमक्या जागीं जोडावे लागतात. आणि आपापल्या रेणूंत स्थिरावलेले हे अणु सहजासहजीं संयोग पावत नाहींत. बळजबरी करावी, तर भलतेच पदार्थ निर्माण होतात. येथें पॅलेडियम नांवाचा मौल्यवान धातु मध्यस्थाचें काम करतो. तो एका रेणूचा इष्ट भाग स्वतःस जोडून घेतो, मग दुसऱ्याचा घेतो, दोहोंस शेजारीं आणून त्यांचा संयोग घडवितो, आणि आपण मोकळा होऊन पुढची जोडी जुळवावयास लागतो. लग्न जुळविणाऱ्यानें दोन्ही घरांतून कांहीं न घेतां निघून जावें, तसाच हा प्रकार! अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. आणि म्हणूनच ह्या महाग धातूची अल्प मात्राही पुरते.

ह्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड हेक हे प्रमुख होत. १९६८ सालीं त्यांनीं एकट्याच्या नांवानें ह्या विषयावर सात लेख प्रसिद्ध केले. त्यांच्या आरंभींच्या पद्धतींत पाऱ्याचीं विषारी संयुगें लागत. जपानांतील त्सुतोमु मिझोरोकी ह्यांनीं १९७१ सालीं व हेक ह्यांनीं १९७२ सालीं, स्वतंत्रपणें, ती अडचण दूर केली. १९७७ सालीं एइ-इची नेगिशी ह्यांनीं जस्ताचीं संयुगें उपयोगांत आणलीं. १९७९ सालीं होक्काइदो विद्यापीठांतील अकिरा सुझुकी व नोरिओ मियाउरा ह्यांनीं बोरॉनचीं संयुगें घेतलीं. हीं हवेंत व पाण्यांत टिकतात खरीं, पण आपला कार्बनचा भाग सहसा सोडीत नाहींत. मिश्रणांत अल्क घालतांच तो हट्ट सुटला! सुझुकी ह्यांनीं ह्या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. तो सर्वांस मोकळा राहिला. रक्तदाबावरील लोसार्टन हें औषध व पिकांवरील बुरशी मारणारें बोस्कॅलिड हीं तयार करतांना हाच मार्ग उपयोगी पडला आहे.

आणि हेक? संशोधनास पैसा मिळेना, म्हणून १९८९ सालीं त्यांनीं विद्यापीठांतून निवृत्ति पत्करली. २०१० सालीं हेक, नेगिशी व सुझुकी ह्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां हेक ७९ वर्षांचे होते, आणि त्यांच्या त्या सात लेखांस ४२ वर्षें लोटलीं होतीं. ज्याचें बीं देशोदेशीं रुजत होतें, त्याच पेरणाऱ्यास पुढील पेरणीसाठीं पैसा मिळूं नये, ही गोष्ट आम्हांस अत्यंत शोचनीय वाटते.

प्रत्येक प्रयोगास असें फळ येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं बीं वाटेवर पडतें, कांहीं खडकाळींत, हा पेरणाऱ्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच; पण त्यावरून पेरणीच करूं नये, असा बोध कोणी घेत नाहीं. विद्यार्थ्यांनींही जिज्ञासेचें नांव सांगून आळसास आश्रय देऊं नये. वरील प्रत्येक शोधामागें वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत. शाळांनीं प्रयोग नुसते वहींत न उतरवितां मुलांच्या हातून करवावे. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें पुन्हां असा प्रश्न विचारला, तर उपयोगाची चौकशी क्षणभर बाजूस ठेवून, “चल, आपण पाहूं या,” एवढें तरी म्हणावें.