शिरेतून दिलेल्या स्टेम सेल्स हाडात कशा पोहोचतात?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे हाडाचं ऑपरेशन नाही. स्टेम सेल्स सलाइनसारख्या शिरेतूनच देतात. मग त्या नेमक्या हाडातल्या मॅरोत कशा पोहोचतात?

मॅरोतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला ई-सिलेक्टिनसारखे चिकट रेणू असतात. वाहत्या पेशी त्यांना अडकून मंदावतात, घट्ट चिकटतात आणि आत शिरतात.

ही पकड प्रयोगशाळेत मोजता येते: रेणू लावलेल्या नळीतून पेशी सोडायच्या, प्रवाह वाढवायचा आणि किती टिकल्या ते पाहायचं.

उपयोग काय? मॅरोतली पकड सैल करणाऱ्या प्लेरिक्साफॉरला अमेरिकेत २००८ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामुळे काही कॅन्सर रुग्णांच्या स्टेम सेल्स रक्तातून गोळा करणं सोपं झालं.

उलट, गर्भनाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल्सची पकड कमजोर असते. पेशी रुजायला जितका उशीर, तितके दिवस रुग्णाला संसर्गाचा धोका. म्हणून हे मोजमाप महत्त्वाचं.